मिस्त्रिणीचा आवाज

मिस्त्रीला ऐकू येत नाही, हे गल्लीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की नवं गिऱ्हाईक आलं तर कुणीतरी त्याला बाहेरच गाठून सांगायचं, "त्यांच्याशी बोलून घसा कोरडा करू नका. आत बाई बसल्यात, त्यांना सांगा." बाई म्हणजे त्याची बायको. तो मिस्त्री म्हणून ती मिस्त्रीण. दोघांची खरी नावं मतदार यादीत असतील तेवढीच.

दारं, खिडक्या, चौकटी हे त्यांचं काम. त्यांच्या वखारीत, पत्र्याच्या छपराखाली, एक मोठा गोल आरा होता, शेजारी रंध्याचं यंत्र आणि कोपऱ्यात भुशाचा ढीग. आरा लाकडात शिरला की सगळी गल्ली दातओठ खायची. मिस्त्री मात्र तोंडात सिगारेट धरून, एक डोळा बारीक करून, फळी पुढे सरकवत राहायचा. कानात कापूस घाल म्हटलं तर म्हणायचा, "लाकूड कसं कापलं जातंय ते आवाजावरून कळतं. कान बंद करून काम करू?" अशी वर्षानुवर्षं गेली आणि कान आपणहून बंद झाले.

लग्न होऊन मिस्त्रीण आली तेव्हा बोलणारा तो होता. चारचौघांत बसला की मैफल त्याची, आणि तिने मध्ये तोंड उघडलं की "थांब गं जरा" ठरलेलं. कान गेले तसं हळूहळू सगळं तिच्याकडे आलं. गिऱ्हाईक तिच्याशी बोलायचं, ती मिस्त्रीला बोटांनी सांगायची. सरळ बोट म्हणजे फूट, वाकडं म्हणजे अर्धा. मनगटावर दोन बोटं आपटली की माणूस घाईत आहे. हात तोंडाशी नेला की जेवायला चला. नाक दाबलं की समोरचा माणूस चिकट आहे, जपून. गिऱ्हाइकाच्या देखत ती नाक दाबायची आणि मिस्त्री मान खाली घालून खुदखुदायचा. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. सगळ्या व्यवहाराची किल्ली तिच्या हातात होती, आणि "थांब गं" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

घरीही तसंच चालू राहिलं. दिवसभर आऱ्याशेजारी ओरडून घसा बसलेला असायचा. मग संध्याकाळी पुन्हा कोण ओरडणार? दोन बोटांत काम भागत असेल तर चार वाक्यं कशाला? ताट वाढलं, हात तोंडाशी नेला, झालं. कधी त्याने विचारलं, "काय म्हणत होती गं ती?" तर ही हात झटकायची. काही नाही, जाऊ दे. असं जाऊ दे, जाऊ दे करत घरातलं बोलणं आटत गेलं, आणि आटतंय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पूर्वी मिस्त्री संध्याकाळी समोरच्या कुलूपवाल्याकडे पत्ते खेळायला जायचा. ते सुटलं. चार जणांत कोण काय बोलतंय ते कळेना, चुकीचं पान टाकलं की हशा व्हायचा. मग तो घरातच भिंतीला पाठ लावून बसू लागला. लग्नकार्याला गेला तर खुर्ची कडेला ओढून घ्यायचा आणि सगळे हसले की आपणही हसायचा. बेताचं, सभ्य, कुठल्याही गोष्टीला चालेल असं हसू.

त्यांची एकुलती लेक दुसऱ्या गावात राहायची. महिन्या-दोन महिन्यांनी आली की बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, "बाबा, जेवलात का? गोळी घेतली का? नातीने तुम्हाला पापा दिलाय!" शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जायचं. मिस्त्रीण म्हणायची, "अगं हळू, लोक म्हणतील भांडतायत." लेकीने त्याला एकदा ओढत कानाच्या डॉक्टरकडेही नेलं होतं. डॉक्टरने यंत्र दिलं आणि बजावलं, "सवय व्हायला वेळ लागेल, पण काढून ठेवू नका. माणूस ऐकेनासा झाला की एकटा पडतो, आणि एकटं पडलेलं डोकं लवकर थकतं." मिस्त्रिणीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. यंत्र विकणारा यंत्र घ्या असंच म्हणणार.

मिस्त्रीने ते चार-आठ दिवस लावलं. शिट्टी वाजते म्हणाला, आरा चालू असताना डोक्यात वीज पडल्यासारखी वाटते म्हणाला, आणि एक दिवस स्क्रूच्या डब्यात टाकून दिलं.

"आई, तू सांग ना त्यांना," लेक म्हणाली.

"माझं ऐकतात होय ते!" असं म्हणून मिस्त्रीण स्वतःच्याच विनोदावर हसली.

रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. बरं वाटतंय म्हणून त्याने त्या सोडल्या. सिगारेट मात्र बरं वाटत नसतानाही सोडली नाही.

पुढे त्याची उत्तरं फारच भलतीकडे जायला लागली. कुलूपवाल्याने विचारलं, "काय मिस्त्री, तब्येत काय म्हणते?" तर हा म्हणाला, "तयार आहे, संध्याकाळी घेऊन जा." गल्लीला आठवडाभर ते पुरलं. लेकीच्या नवऱ्याने हात जोडून नमस्कार केला, तर त्यालाच विचारलं, "खिडकी किती बाय किती?" जावई पोट धरून हसला. मिस्त्रीणही हसली. बहिऱ्याचं घर म्हटल्यावर एवढं चालायचंच.

पण मग ती बोटांनी सांगायची तेही चुकायला लागलं. तिने तीन सरळ आणि एक वाकडं दाखवलं, याने चार फुटांवर फळी कापली. चांगल्या लाकडाचं वाटोळं झालं. बोटं नीट दिसली नसतील म्हणून तिने आऱ्यावर आणखी एक दिवा लावून घेतला. एकदा खिडकी पोचवायला गेला आणि खिडकी घेऊनच परत आला. "घर बंद होतं," म्हणाला. त्या घरची शिक्षिका, रिटायर झालेली, एकटी राहणारी बाई, तिचा फोन आला, "अहो, मी सकाळपासून दारात उभी आहे!" बेल दाबली असेल, आतून 'आले' म्हटलेलं ऐकू आलं नसेल, असं मिस्त्रिणीने स्वतःलाच समजावलं. बहिरेपणाची खुंटी अशी भक्कम होती की तिच्यावर काहीही टांगता येत होतं.

त्याच शिक्षिकेकडे पुढे दार बसवायचं काम निघालं. मिस्त्री गेला, दार बसवून आला. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने निरोप धाडला, दार उलट्या बाजूला उघडतंय. तो पुन्हा गेला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला संध्याकाळ झाली तरी परत आला नाही, आणि आला तो शिक्षिकेचा हात धरून.

शिक्षिकेने त्याला बाकावर बसवलं आणि मिस्त्रिणीला आत नेलं. "बाई, एक विचारू? राग मानू नका. यांना दाखवलंय का कुणाला?"

"कानाचं म्हणता ना? दाखवलंय की. यंत्रसुद्धा आहे. लावत नाहीत."

"मी कानाचं म्हणत नाही. मी त्यांच्याशी काही बोललेच नव्हते. ते पायरीवर बसले होते. हातात बिजागरी घेऊन मलाच विचारत होते, 'हे कशाला लागतं?'"

मिस्त्रीण भडकली. "अहो, उभा जन्म गेला त्यांचा बिजागऱ्या ठोकण्यात! थट्टा केली असेल तुमची."

"त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं," शिक्षिका म्हणाली, आणि निघून गेली.

मिस्त्रिणीने डब्यातून एक बिजागरी काढली, बाहेर येऊन मिस्त्रीच्या समोर बाकावर ठेवली आणि भुवया उंचावल्या. हे काय? मिस्त्रीने ती उचलली. उघडली, मिटली, पुन्हा उघडली. जड आहे का ते तळहातावर तोलून पाहिलं. मग तिच्याकडे बघून हसला. लग्नातल्या खुर्चीवरचं तेच बेताचं, सभ्य हसू.

हे हसू ती किती वर्षं बघत होती! ऐकू आलं नाही म्हणून हसतायत असं धरून चालली होती. त्यातलं ऐकू न आलेलं किती आणि न समजलेलं किती, ते आता कसं वेगळं काढायचं?

लेक दुसऱ्याच दिवशी आली. मेंदूच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई नव्हती तिला. तिने प्रश्न विचारले, मिस्त्री हसला. कागदावर लिहून विचारले, तो कागद उलटा करून बघत बसला. डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं. सगळं झाल्यावर तिने आजाराचं नाव सांगितलं. ते मिस्त्रिणीने पूर्वी टीव्हीवर ऐकलं होतं, दुसऱ्यांच्या घरचं म्हणून.

"हे कानांमुळे झालं का?" मिस्त्रिणीने विचारलं.

"एकाच गोष्टीमुळे होत नाही हो. कान, रक्तदाब, सिगारेट, लोकांत जाणं-येणं थांबलं, बोलणं थांबलं, अशा पुष्कळ गोष्टी भर घालतात. कधी यातलं काहीच नसतं तरी होतं."

"तेव्हाच यंत्र लावलं असतं तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाली, "तर झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. कदाचित उशिरा झालं असतं."

नाही म्हणाली असती तर मिस्त्रीण सुटली असती. हो म्हणाली असती तर एकदाची रडून मोकळी झाली असती. हे 'कदाचित' मात्र तिच्या मागे लागलं ते लागलंच.

"आताही यंत्र लावा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "निदान जे समजतंय ते तरी पोचेल त्यांच्यापर्यंत. आणि तुमचेही कान एकदा दाखवा बाई, माझं बोलणं तुम्ही दोनदा पुन्हा विचारलंत." मिस्त्रीण म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं."

नवं यंत्र आलं. कानाच्या डॉक्टरने ते बसवलं, संगणकावर काहीतरी खालीवर केलं. मिस्त्री एकदम ताठ झाला. डॉक्टरने कागद उलटला तसा दचकला. खुर्ची करकरली तर खाली वाकून बघायला लागला. बाहेर कुणी शिंकलं, तो दाराकडे वळला. लेकीचे डोळे भरून आले. "बाबा!" ती म्हणाली, तसा त्याचा चेहरा उजळला. "अगं, ओरडतेस कशाला? येतंय ऐकू."

लेकीने आईला पुढे ढकललं. मिस्त्रीण त्याच्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांनी काय बोलायचं तेच सुचेना. "अहो," ती म्हणाली. "ऐकू येतंय का?"

मिस्त्रीने तिच्या मागे बघितलं. मग डावीकडे. "कोण बोललं?"

"अहो मीच."

त्याने तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि लेकीला हळूच विचारलं, "या बाई कोण? हिच्यासारख्याच दिसतात. पण तिचा आवाज असा नाही. तिचा बारीक आहे."

लेक हसली, बाबांनी गंमत केली असं वाटून. मिस्त्रीण नाही हसली. आऱ्यावर ओरडून ओरडून आपला आवाज फाटलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वखार बंद झाली. आऱ्याचा पट्टा काढून ठेवला. मिस्त्रीण आता दिवसभर त्याच्याजवळ. त्याचं एक विचित्रच होऊन बसलं होतं. यंत्र काढलं की तो तिला ओळखायचा. तिने हात तोंडाशी नेला की उठायचा, नाक दाबलं की अजूनही खुदखुदायचा. यंत्र लावलं आणि ती बोलली की मात्र अंग चोरून बसायचा, "बाई, तुम्ही" करून बोलायचा, आणि ती कपडे बदलायला लागली की लाजेने हात धरायचा. "असू द्या बाई. ती येईल, ती करेल."

"आई, काढत जाऊ नकोस गं," लेक फोनवर म्हणायची. "डॉक्टर काय म्हणाल्या आठवतंय ना?"

"तुला काय जातंय बोलायला! तुझा आवाज ओळखतात."

"मी बोलत होते ना त्यांच्याशी," लेक म्हणाली. वाईट हेतूने म्हणाली नाही. पण मिस्त्रिणीने फोन ठेवून दिला.

ती यंत्र लावतच राहिली. एका दुपारी ती शेंगा सोलत बसली होती. मिस्त्री खिडकीत बसून बाहेर बघत होता. एकाएकी म्हणाला, "बाई, तुमचं लग्न झालंय?"

"झालंय."

"मालक बोलतात तुमच्याशी?"

"बोलायचे. पूर्वी फार बोलायचे."

"माझी बायको बोलत नाही," मिस्त्री म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. कुणी आपल्या गावची हवा सांगावी तसा. "हुशार आहे हं. सगळा कारभार तीच बघते. पण बोलत नाही. नुसती बोटं करते. माझं काहीतरी चुकलंय, पण काय ते सांगत नाही."

"अहो, तुम्हाला ऐकू येत नव्हतं!" ती जवळजवळ ओरडलीच.

तो दचकला, आणि आपण या परक्या बाईला दुखावलं की काय अशा चेहऱ्याने म्हणाला, "थोडं यायचं. जवळ येऊन बोललं तर यायचं."

तिने शेंगांचं ताट खाली ठेवलं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. बाहेर आली तेव्हा तो विसरूनही गेला होता.

त्यानंतर तिने बोटं करायची सोडली. खुर्ची त्याच्याजवळ ओढून ती बोलायला लागली. कपडे वाळत घालताना, अंग पुसताना, भरवताना. कुलूपवाल्याकडे कोण आलंय, लेकीची पोर पडून तिचा दात कसा हलतोय, शिक्षिकेने दार शेवटी दुसऱ्याकडून बसवून घेतलं, वर रंगही कसा लावलाय. त्याने तिला ओळखावं अशी आशा पहिले काही दिवस होती. मग ती गेली. आवाजावरून त्याने तिला परत कधीच ओळखलं नाही, आणि थंडी संपता संपता कधी सवयीने केलेली बोटंही त्याला कळेनाशी झाली.

लेक राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. एकदा ती चिडून म्हणाली, "आई, बाबा केव्हापासून विचारतायत, तू उत्तर का देत नाहीस?"

"कुठे काय विचारतायत? नुसते ओठ हलतायत."

दुसऱ्याच दिवशी लेकीने आईला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कान निम्मे गेले होते. तोच आरा, तीच वर्षं. मिस्त्रिणीने काही वाद घातला नाही. "आत्ताच बसवा," म्हणाली.

यंत्र लावून ती घरात शिरली तर घर नुसतं आवाजांनी भरलेलं. तिच्या चपला फटफटत होत्या, नळ ठिबकत होता. आणि खिडकीपाशी बसलेल्या मिस्त्रीचा आवाज येत होता, अगदी हलका, श्वासाबरोबर बाहेर पडणारा. "ती गेली का? बाई, ती गेली का हो?" जरा थांबून पुन्हा तेच. ती कानठळ्या बसल्यासारखी दारातच उभी राहिली. शेवटी जवळ जाऊन म्हणाली, "नाही गेली. इथेच आहे."

"मग बोलत का नाही?"

"बोलेल आता," ती म्हणाली. एवढ्याने त्याचं समाधान झालं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून एकही प्रश्न तिने रिकामा जाऊ दिला नाही. पुढे तो बोलायचाच थांबला, खाणं उतरलं, छातीत कफ धरला. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, सकाळी लेक त्याचे केस विंचरत असताना, मिस्त्री गेला.

डॉक्टरीणबाईने मिस्त्रिणीला सांगितलं होतं, एकटं बसू नका, रोज चाला, चार माणसांत जा. म्हणून ती आता संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालून येते आणि कुलूपवाल्याच्या दुकानात टेकते. आरा कुणीतरी उचलून नेला. वखारीला कुलूपवाल्यानेच केलेलं कुलूप आहे.

परवा ती म्हणाली, "भाऊजी, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"काय म्हणालात? चोळ्या?"

"कान तपासून घ्या," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून, एकेक शब्द वेगळा करून पुन्हा म्हणाली, "कान. तपासून. घ्या."

"अहो वहिनी, मला स्वच्छ येतं ऐकू," कुलूपवाला हसत म्हणाला आणि त्याने किल्ली घासायचं यंत्र सुरू केलं. त्या किंचाळण्याने मिस्त्रिणीचं डोकं भणाणलं. तरी ती उठली नाही. यंत्र थांबायची वाट बघत बसली.